यादीत नसलेला देश

आंतरराष्ट्रीय कायद्यातलं 'राज्य आणि मान्यता' हे प्रकरण मी वीसेक वर्षं शिकवते आहे. राज्य व्हायला चार गोष्टी लागतात. कायम राहणारी माणसं, ठरलेला भूभाग, चालणारं सरकार आणि दुसऱ्या राज्यांशी व्यवहार करायची कुवत. या चारही असूनही इतर देशांनी मान्यता दिली नाही तर काय, यावर दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, राज्य आधीच असतं, मान्यता म्हणजे नुसती कबुली. दुसरं म्हणतं, मान्यता मिळेपर्यंत राज्य जन्मालाच आलेलं नसतं. मी दोन्ही मतं फळ्यावर लिहिते, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत दहा मार्कांना प्रश्न येतो आणि विषय संपतो. या प्रकरणानं मला घरी येऊन छळावं, असं कधी झालं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मी नेहमीप्रमाणे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका देशाचं उदाहरण दिलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. जे नाव लिहीन ते कुणाला ना कुणाला मान्य नसणार, आणि त्या वादातून मी कशीबशी बाहेर पडले आहे. शेजारच्या मोठ्या देशापासून तो वेगळा झाला, त्याला तीसेक वर्षं उलटून गेली. जग मात्र त्याला अजून त्या मोठ्या देशाचाच तुकडा समजतं. मी वर्गात त्याला 'तथाकथित राज्य' म्हणाले.

मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. तिशीची, उंच, डोक्यावर मोठी ओढणी. तोवर ती वर्गात कधी बोलली नव्हती. शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, मी तिथली आहे. आमच्याकडे निवडणूक होते आणि हरलेला माणूस मुकाट्यानं घरी जातो. कोर्ट चालतं, शाळा चालतात, कचऱ्याची गाडी येते. यातलं तथाकथित काय आहे?"

पोरं हसली. मी 'तथाकथित' शब्द मागं घेतला आणि पुढं शिकवायला लागले. तास संपल्यावर मात्र ती टेबलापाशी आली. आता इंग्रजी सोडून आमच्या शहरातली हिंदी. शहागंजमध्ये एका कुटुंबात भाड्यानं राहून ती शिकली होती, त्यामुळं 'हौ' आणि 'नक्को' तिच्या तोंडात अगदी बसले होते. म्हणाली, "मॅडम, बुरा नक्को मानो. पर वो लफ्ज फिर से नक्को बोलो."

ओळख झाली ती अशी. तिचा नवराही इथंच शिकायला होता. त्याचं शिक्षण संपलं, व्हिसा संपला, तिकडच्या बंदरावर नोकरी लागली आणि तो परत गेला. हिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि पाचवा महिना लागलेला होता. शहागंजच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांना खोली हवी होती. दुसरीकडं कुणी जागा देईना. एकटी बाई, परदेशी, त्यात दिवस गेलेले. प्रत्येक घरमालक एकेक कारण सांगत होता. तीन आठवडे ती खोल्या बघत फिरली. शेवटी वैतागून मीच म्हणाले, माझ्या घराची वरची खोली रिकामी आहे, तिथं ये.

मी पुंडलिकनगरात राहते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्यात असते. त्या हिवाळ्यात पिशोरहून माझे वडील, आमचे दादा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिले होते. म्हणजे घरात मी आणि दादा, आणि वर ही. गल्लीतल्या दोघी-तिघींनी येऊन काळजी व्यक्त केली. काळजी कसली ते स्पष्ट सांगत नव्हत्या. मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. दर दोन दिवसांनी हेच करावं लागलं.

परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकानं ते ऑनलाइन कळवावं लागतं. मी कॉम्प्युटरपुढं बसले, ती शेजारी. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात देशांची यादी उघडली. तिचा देश यादीत नव्हता. मला ते माहीत असायला हवं होतं, तरी मी ती यादी दोनदा वरपासून खालपर्यंत बघितली. ती म्हणाली, "मॅडम, पासपोर्ट पर जो है, वोच लिखो." तिच्या पासपोर्टवर त्या मोठ्या देशाचं नाव होतं. तिच्या देशाचा स्वतःचा पासपोर्ट आहे, पण त्यावर इथला व्हिसा मिळाला नाही, म्हणून तिनं हा दुसरा काढला होता. मी ते नाव निवडलं. ती खिडकीकडं बघत होती. त्या वेळी मी त्याचा फार विचार केला नाही.

दादांचं आणि तिचं मात्र पहिल्याच आठवड्यात जमलं. आम्ही मूळचे मेंढपाळ. दादांनी तरुणपणापर्यंत मेंढरं राखली, मग थोडी जमीन घेतली. तिच्या माहेरी शेरडं आणि उंट. दादांचा एक डोळा पट्टीखाली, हिंदी मोडकी, तिची हिंदी आमच्या शहराची, तरी दोघांचं तासन्‌तास चालायचं. एकदा मी कॉलेजातून आले तर दादा तिला शेरडाच्या पोटफुगीवर काय पाजायचं ते सांगत होते आणि ती वहीत लिहून घेत होती. माझ्या तासाला तिनं इतकं मनापासून कधी लिहून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये तिला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. त्यानंतर जे सुरू झालं ते मी चिडल्याशिवाय सांगू शकत नाही.

पहिला घोळ आमच्या शहराचाच, त्याचं नाव नुकतंच बदललं होतं. दवाखान्याच्या चिठ्ठीवर शहराचं जुनं नाव छापलेलं होतं, कारण जुने कागद संपायचे होते. जन्मदाखल्यावर नवं नाव आलं. आणि पोलिसांच्या ज्या कार्यालयात परदेशी माणसांची नोंद होते तिथं पत्त्याच्या यादीत जिल्हा एका नावानं आणि शहर दुसऱ्या नावानं. तिथं एक कारकून होते, त्यांना दोन्ही कागदांवर एकच नाव हवं होतं. "मॅडम, बाळ एका गावात जन्मलं का दोन गावांत?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. या एका प्रश्नासाठी मी दवाखान्यात तीन हेलपाटे घातले. ज्या शहराला स्वतःचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं लिहिता येत नाही, ते एका तान्ह्या पोरीला तिचा देश विचारत होतं.

ते कारकून वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. पन्नाशीचे, पोलीस खात्यातच जन्म गेलेला, चष्मा नेहमी कपाळावर. आम्ही गेलो की आधी बाळंतिणीला खुर्ची द्यायचे, पंखा तिच्याकडं वळवायचे. मग म्हणायचे, "हं, आता सांगतो अडचण." आणि अडचण सांगायचे.

अडचण अशी होती. भारतात जन्मलं म्हणून बाळ भारताचं होत नाही, आईबाप परदेशी असले तर बाळही परदेशी. परदेशी बाळाला इथून बाहेर जायला स्वतःचा पासपोर्ट लागतो. तो दिल्लीतल्या वकिलातीकडून आणायचा. वकिलात त्या मोठ्या देशाची. ते पासपोर्ट देतील, पण अर्जावर लिहून द्यायचं की हे बाळ त्यांच्या देशाचं नागरिक आहे.

"सोपं आहे की," मी तिला रिक्षात म्हणाले. "अर्ज भरू, दोन फोटो लावू, महिन्यात होईल."

ती म्हणाली, "नक्को."

मला वाटलं, दमली आहे. घरी गेल्यावर परत विषय काढला. परत नक्को. आठवडाभर हेच. माझा आवाज चढायला लागला. परीक्षा झाली होती, व्हिसा जूनमध्ये संपणार होता, बाळाशिवाय ती जाऊ शकत नव्हती आणि बाळ कागदाशिवाय जाऊ शकत नव्हतं. मी रोज कॉलेजातून येऊन जिना चढायची, तेच सांगायची आणि तेच ऐकून खाली यायची.

एप्रिलच्या शेवटी तिच्या गावाकडून एक विद्यार्थी परत आला. त्याच्याबरोबर नवऱ्यानं पाकीट पाठवलं होतं. आत त्यांच्या देशाचा पासपोर्ट, बाळाच्या नावाचा. फोनवर पाठवलेला फोटो त्यांनी छापून लावला होता. डोळे मिटलेले, मूठ गालाला टेकलेली. तिनं तो मला दोन्ही हातांनी दाखवला. इतकं खूश मी तिला बाळ झालं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो घेऊन कार्यालयात गेलो. कारकुनांनी चष्मा खाली घेतला, पासपोर्ट उघडला, सगळी पानं उलटून बघितली.

"छपाई चांगली आहे," ते म्हणाले. "पण हा कोणत्या देशाचा?"

तिनं नाव सांगितलं. त्यांनी यादी उघडली, खालीवर केली, मग स्क्रीन आमच्याकडं वळवली. "तुम्हीच बघा. नाय."

मग मी जे केलं त्याचा मला अजूनही संकोच वाटतो. मी त्यांना लेक्चर दिलं. चार कसोट्या सांगितल्या. मान्यता म्हणजे राज्याचा जन्म नव्हे, आधीपासून असलेल्या गोष्टीची कबुली, हे समजावलं. तिथल्या निवडणुका सांगितल्या, कोर्टं सांगितली, कचऱ्याची गाडीसुद्धा सांगितली. रांगेतले दोन-चार परदेशी विद्यार्थीही ऐकत उभे होते. कारकुनांनी मधे एकदाही तोडलं नाही.

मी थांबल्यावर म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवता ते बरोबरच असंल. मी कुठं नाय म्हणतो? पण मला इथं दाबायला बटण नाय. बटण नसलं की पान पुढं जात नाय."

वीस वर्षांत त्या दुसऱ्या मताची इतकी सोपी मांडणी मी ऐकली नव्हती. कुणीतरी यादीत घालेपर्यंत देश नाही. मी फाइल उचलली.

घरी आल्यावर जिन्यातच आमचं भांडण झालं. मी पहिल्या पायरीवर, ती बाळाला खांद्यावर घेऊन चौथ्या पायरीवर. मी म्हणाले, "तू स्वतः त्याच पासपोर्टवर आलीस ना? तेव्हा चाललं, मग पोरीसाठी एक अर्ज भरायला काय होतं? हट्टाला काही अर्थ असतो का? जूननंतर काय करणार, इथंच राहणार बेकायदा?"

ती बाळाची पाठ थोपटत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते मी मराठीत लिहिते, कारण ते हिंदी आणि इंग्रजी मिसळून आलं आणि मधे दोनदा थांबलं.

तिचा जन्म निर्वासितांच्या छावणीतला, सरहद्दीपलीकडचा. तिच्या जन्माच्या आधी मोठ्या देशाच्या सरकारनं तिच्या शहरावर विमानं पाठवली होती. विमानं त्याच शहराच्या धावपट्टीवरून उडायची आणि त्याच शहरावर बॉम्ब टाकून परत तिथंच उतरायची. तिचे दोन मामा त्यात गेले. आई चालत सरहद्द ओलांडून गेली. छावणीत पुढं तिचा जन्म नोंदवताना लिहिणाऱ्यानं विचारलं, कोणता देश? आईनं गावाचं नाव सांगितलं. लिहिणाऱ्यानं मोठ्या देशाचं नाव घातलं, कारण त्याच्याही यादीत तेवढंच होतं.

"माझ्या पहिल्या कागदावर त्यांचं नाव आहे ज्यांनी विमानं पाठवली," ती म्हणाली. "माझं मी सोसलं. शिकायचं होतं म्हणून त्यांचा पासपोर्टपण घेतला. पण हिच्या पहिल्या कागदावर तरी ते नको. हट्ट म्हणा."

मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर रागही गेला नाही. ती म्हणत होती ते सगळं खरं होतं आणि त्यानं जूनची तारीख एक दिवसही पुढं जाणार नव्हती. मी "ठीक आहे" एवढंच म्हणून आत गेले आणि भांडी आपटत स्वयंपाक केला.

दादांनी सगळं ऐकलं होतं. डोळा बरा झाला होता, पिशोरला परत जायची घाई होती, पण हे मिटल्याशिवाय जात नाही म्हणत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला खाली बोलावून समोर बसवलं.

"हे बघ माय," ते म्हणाले. "माझा जन्म निजामाच्या राज्यातला. गौताळ्याचा घाट उतरला की पलीकडं इंग्रजाचं राज्य. मधे नाका होता करोडगिरीचा, जकात घेणारा. माझा बाप उन्हाळ्यात मेंढरं घेऊन घाट उतरायचा, पावसाळ्यात परत यायचा. इकडचं नाणं तिकडं चालायचं नाय. पण त्याला कुणी इचारलं नाय तू कोणत्या देशाचा. मग एक दिवस निजाम गेला. आमाला लोकांनी सांगितलं, आता तुमी हिंदुस्तानचे. आमी म्हणलं, बरं. मेंढरं तीच, घाट तोच. कागदावर काय बी लिव. पोरगी घरी ने."

हे सगळं तिला मी हिंदीत सांगितलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग दादांना म्हणाली, "बाबा, आपको किसी ने पूछाच नहीं. हमको पूछे थे. हम सब लाइन में खड़े रहे और हम बोले, हमारा मुल्क अलग. पूछने के बाद कैसे भूल जाना?"

ती तिकडच्या सार्वमताबद्दल बोलत होती. निजामाच्या हैदराबादचं पुढं काय व्हायचं, हा प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेला होता, हे मी वर्गात शिकवते. आमच्या भागात त्यासाठी लोक लढले, तुरुंगात गेले, मेले. पण घाटात मेंढरं राखणाऱ्या माझ्या आजोबांना खरंच कुणी काही विचारलं नव्हतं. दादांनी शेवटी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "ते बी खरं हाय. इचारल्यावर मंग अवघडंय."

आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तू येवढी शिकलीस, वकिलांना शिकवतीस. काय तरी कर की."

म्हणजे सगळं परत माझ्यावर आलं.

मी अर्ज लिहायला बसले. चार वेळा लिहिला. पहिला अर्ज इतका विद्वान झाला होता की मला स्वतःलाच वाचवेना. शेवटचा दीड पानाचा होता. बाळ इथं जन्मलं, आईचा व्हिसा अमुक दिवशी संपतो, बापाच्या देशाचा पासपोर्ट आहे पण इथं चालत नाही, वकिलातीचा आईला घ्यायचा नाही, तरी बाळाला आईबरोबर घरी जाता यावं म्हणून एकदाच वापरायचा बाहेर जाण्याचा परवाना द्यावा. कुठल्या देशाला मान्यता द्या, असं मी कुठंही म्हटलं नाही. कारकुनांनी तो वाचला, दोन शब्द बदलायला लावले आणि वर पाठवला. त्यांनी बदललेले शब्द माझ्या शब्दांपेक्षा बरे होते, हेही मला मान्य करावं लागलं.

त्यानंतर पाच आठवडे. फाइल वर गेली, एका शंकेसह खाली आली, शंका सोडवून परत वर गेली. एकदा शंका अशी होती की बाळाची सही नाही. कारकुनांनी स्वतःच त्यावर शाईत अंगठा उठवून घ्यायचं सुचवलं. बाळानं मूठच उघडली नाही. तिघांनी मिळून ती मूठ उघडली, अंगठा कागदावर टेकवला आणि तेवढ्यात तिनं शाई माझ्या साडीला पुसली. तो डाग गेला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मंजुरी आली होती. आम्ही रिक्षा करून धावत गेलो. त्यांनी नेहमीसारखा पंखा वळवला, मग म्हणाले, "एकच राहिलं. राष्ट्रीयत्वाचा रकाना. वरून सांगितलंय, दोन पर्याय आहेत. आईच्या पासपोर्टवरचा देश टाकायचा, नायतर हा दुसरा." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. राज्यहीन. म्हणजे ज्याला कुठलाच देश नाही असा माणूस.

मला फार हायसं वाटलं. मी म्हणाले, "हेच टाका. झालं. त्यांचं नाव नको होतं ना, ते गेलं."

तिनं बाळाला मांडीवर घेतलं होतं. स्क्रीनकडं बघून म्हणाली, "मॅडम, इसका मुल्क है. मुल्क है इसीलिए तो ये सब कर रहे."

चुकीचा देश किंवा कुठलाच देश नाही, एवढेच दोन शब्द त्या यादीत होते, आणि दोन्ही खोटे होते. मी टेबलावर डोकं टेकायचीच बाकी राहिले होते. कारकून चष्मा कपाळावर घेऊन आमच्या दोघींकडं बघत होते. मागं रांग वाढत होती. बाळ झोपलं होतं.

मग मी मॅडम म्हणून नाही, वकील म्हणून जेवढं येतं तेवढं सांगितलं. राज्यहीन लिहिलेला कागद घेऊन विमान बदलायला मधल्या विमानतळावर उतरलीस तर तिथले लोक घाबरतील. असा माणूस कुठंच परत पाठवता येत नाही, म्हणून कुणी आत घेत नाही. हा शिक्का एकदा लागला की पुढच्या प्रत्येक कागदावर प्रश्न विचारला जाईल. मोठ्या देशाचं नाव खोटं आहे, पण त्यानं पोरगी घरी पोचेल. ठरव तू. मी काही म्हणणार नाही.

तिनं स्क्रीन वरपासून खालपर्यंत वाचली. मग कारकुनांना विचारलं, "भाऊ, उसके नीचे क्या है? खाली जगह."

"तो शेरा आहे," ते म्हणाले. "तिथं काय बी लिहिता येतं. कुणी वाचत नाय."

"छपता है क्या?"

"छापून येतं की."

तिनं मला तिच्या देशाचं नाव तिच्या भाषेतल्या स्पेलिंगनं कागदावर लिहून दिलं. आईच्या सांगण्यानुसार बाळाचा देश अमुक, असं एक वाक्य मी तयार केलं. कारकुनांनी ते एकेक अक्षर विचारत टाइप केलं. वरच्या रकान्यात मोठ्या देशाचं नाव होतं, तेही त्यांनी टाइप केलं. तिनं सही केली. प्रिंटरनं कागद अर्धा ओढून अडकवला. दुसऱ्यांदा नीट आला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, बरं वाटलं का? ती म्हणाली, "नहीं." मग म्हणाली, "पर जा सकते."

त्याच आठवड्यात ती गेली. दादांनी बाळाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला ताईत बांधला आणि तिनं तो राहू दिला. तिला मुंबईपर्यंत सोडायला मी गेले नाही, कॉलेजात परीक्षेचं काम होतं. ते मला अजून बोचतं. मुंबईच्या विमानतळावर तिला दोन तास बाजूला बसवून ठेवलं. तो कागद कुणी पाहिलेला नव्हता. शेवटी तिथल्या अधिकाऱ्यानं कागदावरचा नंबर फिरवला. आमच्या कारकुनांनी फोन उचलला आणि म्हणाले, "माझ्यापुढं टाइप झालंय साहेब, जाऊ द्या त्यांना." हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

तिचा मात्र तीन दिवस फोन नाही. मी मधल्या विमानतळाचा विचार करून अर्धमेली झाले होते. दादा पिशोरला जाऊनही रोज दोनदा फोन करून विचारत होते. चौथ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागं माणसांचा गलका, मोकळं उजेडाचं अंगण. मी आधी तिला चांगली झापली. ती हसत ऐकत होती. मग सांगितलं, तिकडच्या विमानतळावर आमचा कागद तिनं दाखवलाच नाही. बाळाचा स्वतःचा पासपोर्ट दाखवला. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला आणि बाळाला म्हणाला, घरी आलीस. फोनवर तिनं तो शिक्का दाखवला. फार फिका उठला होता. मला वाचता येईना, तरी मी वाचला असं म्हणाले.

आमचा तो कागद तिनं फाडला की ठेवला, हे मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजात कारकुनांचा फोन आला. "मॅडम, अजून एक केस आलीय," ते म्हणाले. "हा पोरगा म्हणतो त्याचा देश अर्ध्या जगाला मान्य आहे, अर्ध्याला नाय. आपल्या यादीत नाव आहे, पण त्यानं आणलेल्या कागदावर दुसरंच नाव आहे. तुम्ही येता का जरा? मला ते तुमचं कबुलीचं प्रकरण परत एकदा समजावून सांगा. त्या दिवशी ऐकलं, पण गर्दी होती."

मी त्यांना सांगणार होते की मला वेळ नाही, पेपर तपासायचे आहेत, आणि या विषयाचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. मी म्हणाले, उद्या अकराला येते. फोन ठेवला आणि पुढचा अर्धा तास स्वतःवरच चिडून बसले.